रहस्यकथांचा महिना : वाचनाचा आणि श्रवणाचा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ग्रंथालय विभागाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी ग्रंथालयाच्या वतीने कोणी बोलावयास उभे राहिले, म्हणजे संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत यांवर चार शब्द ऐकावयास मिळतील, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज खून, चोरी आणि दरोडा यांवर बोलणार आहे! अध्यक्षांनी त्यास अनुमती दिली, याबद्दल त्यांचे प्रथम आभार.

गेल्या श्रावणात आपल्या ग्रंथालयाने एक छोटा उपक्रम केला. महिनाभर घरोघरी फक्त रहस्यकथा. दिवसा ज्याला जमेल त्याने वाचावी आणि रात्री जेवणे उरकल्यावर सर्वांनी एकत्र बसून ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकावे. कोलकात्याच्या पावसाला कंटाळलेली बरीच कुटुंबे या उपक्रमात सामील झाली. त्या महिन्यात जे अनुभवास आले, ते आपल्यापुढे मांडावे, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या कपाटांतील कोणती पुस्तके सर्वांत अधिक झिजली आहेत, हे पाहण्यास नोंदवही उघडण्याची गरज नाही. ज्यांची पाठ निखळली आहे, ज्यांना तीनदा बांधणी करावी लागली, ती पुस्तके बाबुराव अर्नाळकरांची. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली निवर्तलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही नावे उच्चारताच सभागृहातील ज्येष्ठ मंडळींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले, ते मला येथून दिसते आहे! पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. समीक्षकांनी या लेखनाला वाङ्मयाच्या ओसरीवरही फारसे बसू दिले नाही. परंतु अनेकांना सलग दोनशे पाने वाचण्याची सवय प्रथम लागली, ती याच पुस्तकांमुळे, हे कसे विसरावे?

रहस्यकथा वाचणे आणि ती ऐकणे यांत मोठा फरक आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली गुप्तहेरकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतील एक असा, की गुप्तहेराच्या हाती लागलेला दुवा वाचकापासून लपवून ठेवू नये. म्हणजे सर्व काही वाचकाच्या डोळ्यांसमोरच असते. फक्त ते लक्षात येत नाही. पुस्तक हाती असले, की संशय आल्याबरोबर मागची पाने चाळता येतात. धीर नसलेल्यांना शेवटचे पानही पाहता येते. ऐकताना असे सहजासहजी होत नाही. दुवा कानावरून निघून जातो आणि स्मरणशक्तीवरच भिस्त ठेवावी लागते. घरातील आजींना हे विशेष साधले. जन्मभर कीर्तने ऐकलेला कान तो! नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे आणि चातुर्मासात पोथी ऐकण्याची परंपरा आपल्या घरांतून चालत आलेली आहे. तेव्हा ‘ऐकण्याचे पुस्तक’ ही आपल्याला नवी वस्तू नव्हे. नवे आहे ते यंत्र.

या यंत्राची कथाही मनोरंजक आहे. एडिसनने १८७७ साली ध्वनिलेखनयंत्र तयार केले आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे उपयोग सांगताना अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न होता. त्यांच्यासाठी आणि इतर अंधांसाठी १९३५ साली तबकड्यांवर पुस्तके निघू लागली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे आणि एका कादंबरीस साधारणतः दहा तबकड्या लागत. अगदी आरंभी जी पुस्तके निघाली, त्यांत अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही रहस्यकादंबरी होती! ती कथा गावातील एक डॉक्टर सांगतो. ज्यांनी ती वाचली आहे, त्यांना ही निवड किती मार्मिक होती, हे कळेल. ज्यांनी वाचली नाही, त्यांना याहून अधिक सांगणे म्हणजे द्रोह होईल. इतकेच म्हणतो, की रहस्यकथा मोठ्याने वाचणाऱ्याची कसोटी फार कठीण. शेवट त्याला ठाऊक असतो. पण तो आवाजात डोकावता कामा नये.

आपण ज्या शहरात राहतो, त्याचा मानबिंदू असलेला ब्योमकेश बक्षी या महिन्यात वगळणे शक्यच नव्हते. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली त्याच्या कथा लिहावयास आरंभ केला. पुढे ते चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस गेले आणि ब्योमकेश सुमारे पंधरा वर्षे गप्प राहिला. १९५२ च्या सुमारास शरदिंदुबाबू पुण्यात स्थायिक झाले आणि १९७० साली त्यांचे निधन झाले. त्या काळात ब्योमकेश पुन्हा बोलू लागला. म्हणजे कोलकात्याच्या हॅरिसन रोडवर राहणाऱ्या या सत्यान्वेषीच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या! याच लेखकाने शिवकाळातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथाही बंगालीत लिहिल्या. घरापासून दूर राहूनही आपली भाषा जोपासता येते आणि शेजाऱ्याच्या भूमीवर प्रेमही करता येते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या घरातील तिसरी पिढी मराठी समजते, बरीचशी बोलते. पण वाचताना अडखळते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर बंगाली आणि हिंदी. देवनागरी अक्षरे ओळखीची असली, तरी मराठीचे अख्खे पान समोर आले की मुले पाठ फिरवतात. हीच मुले रात्री ऐकावयास मात्र निमूटपणे येऊन बसली. आणि मग प्रश्नांचा वर्षाव सुरू झाला. अडसर म्हणजे काय? कोनाडा कोठे असतो? माजघरातून परसात कसे जाता येते? फडताळ आणि कपाट यांत फरक कोणता? एरवी आपण हे शब्द कौतुकाने शिकवू गेलो, तर मुले जांभया देतात. रहस्यकथेत मात्र दाराला अडसर आतून होता की नव्हता, यावर खुनी सापडणे अवलंबून असते. शब्द कळला नाही, तर गुन्हेगार निसटतो! भाषा शिकण्याची निकड याहून वेगळ्या रीतीने निर्माण करणे मला तरी सुचले नसते.

तथापि केवळ कानावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. ज्या भाषेची अक्षरे सुटली, तिचा दस्तऐवज, पत्रव्यवहार, आजोबांची रोजनिशी, सारे काही परके होऊन बसते. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही एक युक्ती योजली. ध्वनिमुद्रण शेवटच्या प्रकरणापूर्वी थांबवावयाचे आणि छापील पुस्तक मुलांच्या हाती द्यावयाचे. खुनी कोण, हे हवे असेल, तर वाचा! काहींनी आईला गळ घातली, काहींनी नाद सोडला. परंतु एका दहा वर्षांच्या मुलीने ओळींवर बोट ठेवून तीन संध्याकाळी ते प्रकरण पूर्ण केले आणि चौथ्या दिवशी दुसरे पुस्तक मागावयास ती स्वतः ग्रंथालयात आली.

यावरून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी, की दर वर्षी श्रावणात हा उपक्रम व्हावा आणि शेवटचे प्रकरण वाचण्याची अट कायम राहावी. दुसरी अशी, की लेखकांची अथवा त्यांच्या वारसांची रीतसर अनुमती घेऊन, आपल्यातील ज्येष्ठांच्या आवाजात काही पुस्तके मंडळाने ध्वनिमुद्रित करावीत. आपल्यात कोणी वऱ्हाडचे आहेत, कोणी खानदेशचे, कोणी कोकणातले. प्रत्येकाच्या मराठीला निराळा सूर आहे. तो येथे जन्मलेल्या नातवंडांच्या कानी आपण हयात असतानाच पडला पाहिजे. शिवाय ज्यांची दृष्टी मंदावली आहे, अशा आपल्याच सभासदांना ती पुस्तके घरबसल्या सोबत करतील.

पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाच्या संस्थापकांनी वर्गणी गोळा करून पहिले कपाट घेतले. पुढील पन्नास वर्षांत ते कपाट उघडणारे हात घडविणे, हे आता आपले काम आहे. त्यासाठी झुंजार आणि ब्योमकेश यांचे साहाय्य घ्यावे लागले, तर त्यात कमीपणा कसला? ग्रंथालय दर रविवारी सकाळी उघडे असते. येताना मुलांना बरोबर आणावे, ही नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.