कार्डावरचा न मागितलेला रतीब



दुधाचा रतीब आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. आमच्या क्रेडिट कार्डावर मात्र एका करमणुकीच्या कंपनीने न विचारता दरमहा १९९ रुपयांचा रतीब लावला! “एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार?” असे घरातूनच निघाले. मी म्हटले, वर्षाचे २,३८८ रुपये होतात. मुलीच्या वह्यापुस्तकांचे पैसे आहेत ते.

त्याच दिवशी बँकेला फोन करून कार्ड बंद करविले, लेखी तक्रार दिली व तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते की, त्रयस्थाने केलेला असा गैरव्यवहार बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविला, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. दोष ग्राहकाचा असल्यास तो बँकेनेच सिद्ध करावयाचा असतो. तीस दिवसांत दाद न लागल्यास लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. पैसे परत मिळाले.

तेव्हा भगिनींनो, वाण्याचे बिल तपासता तसेच कार्डाचेही ओळ न् ओळ तपासा, आणि लहान रक्कम म्हणून गप्प बसू नका.