बंद दाराआडची वारी
(दिंडीच्या शतकमहोत्सवात झालेल्या प्रवचनाचे शब्दांकन)

मायबापहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या आयाबहिणी, यांचं कौतुक या सप्ताहात भरपूर झालं, आणि ते व्हायलाच पाहिजे. मी आज ज्यांना चालता येत नाही त्यांच्याविषयी बोलणार आहे. कोणी आजाऱ्याच्या उशाशी अडकलेला आहे, कोणी अंथरुणाला खिळला आहे, कोणी तुरुंगात आहे. पंढरीची वाट ज्याला बंद झाली, त्यानं देव कुठं शोधायचा?

आपल्या संतांनी हे कधीच दाखवून ठेवलंय. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. आजही पांडुरंगाची पालखीच दरवर्षी अरणला त्यांच्या भेटीला येते. जनाबाईच्या वाट्याला दुसऱ्याच्या घरचं दळणकांडण आलं. गोपाळपूरला गेल्यावर आपण तिचं जातं बघतो, त्याला हात लावतो. पण घडीभर विचार करा. जातं म्हणजे काय सुखाची वस्तू आहे? खांदा भरून येतो, तळहाताला फोड येतात. तिनं त्या दळणातच विठ्ठलाला बोलावून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, ते संत होते, त्यांचा काळ वेगळा. म्हणून तुरुंगातलीच गोष्ट सांगतो, अलीकडची.

साल 1932. स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती आणि धुळ्याचा तुरुंग सत्याग्रहींनी भरला होता. विनोबा तिथंच होते आणि साने गुरुजीही तिथंच. त्या काळी सक्तमजुरी म्हटली की जात्यावर दळण आलंच. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, सकाळ-संध्याकाळ मोजणी. कालचा दिवस तसाच आजचा. माणूस अशानं आतून वाळून जातो. विनोबांनी अंगमेहनत कधी कमी लेखली नाही. आणि 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांना गीता सांगू लागले. अठरा अध्यायांचे अठरा रविवार, 19 जूनला समाप्ती. साने गुरुजी समोर बसून शब्द न् शब्द उतरवून घेत. तेच पुढं ‘गीता प्रवचने’ म्हणून घराघरांत गेलं.

नवव्या अध्यायाच्या दिवशी तर विनोबांचा घसा दुखत होता. तरी ते बोलले. पान, फूल, घोटभर पाणी, जे हाताशी असेल ते भावानं द्यावं, देव तेवढ्यावर राजी आहे, असा त्या अध्यायाचा भाव. आता कैद्याजवळ काय असतं हो? फूल नाही, नैवेद्य नाही. हातात असतं फक्त नेमून दिलेलं काम. ते दळण नीट दळलं, पीठ सांडलं नाही, ज्याच्या ताटात ती भाकरी जाणार त्याची आठवण ठेवली, तर तीच पूजा. पूजेला वेगळी सामग्री लागतच नाही.

पुढच्या वर्षी साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. 9 फेब्रुवारी 1933 ला त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि 13 तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. त्यात भिंती नाहीत, गज नाहीत. आहे काय? पत्रावळ लावायला शिकवणारी आई. कळ्या आदल्या दिवशीच खुडू नयेत, त्या झाडावरच फुलू द्याव्यात, असं सांगणारी आई. सगळ्या बारीकसारीक गोष्टी. एरवी आपल्या डोळ्यांपुढून रोज जातात आणि आपण बघतसुद्धा नाही. तुरुंगात सगळं काढून घेतल्यावर गुरुजींपाशी तेवढंच उरलं, आणि आज महाराष्ट्र ते वाचून डोळे पुसतो.

पण मायबापहो, एवढ्यावर थांबलो तर कथा अर्धीच राहील. मनाला समाधान मिळालं, झालं, असं गुरुजी म्हणाले नाहीत. हरिजनांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर गावोगाव फिरून लोकांना विनवलं, आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस अन्न नाही. अखेर मंदिर खुलं झालं. चोखोबांना पायरीशी थांबावं लागलं होतं. त्यांच्या लेकरांना आत जाता आलं. दाराआड राहणं काय असतं हे जो भोगून येतो, त्याला दुसऱ्यापुढचं बंद दार बघवत नाही.

म्हणून शंभराव्या वर्षी माझी एवढीच मागणी आहे. प्रत्येक गावात असं एखादं घर असतं, ज्यातला माणूस तुरुंगात आहे. गुन्हा त्याचा, शिक्षा तो भोगतोय. पण त्याची म्हातारी आई पाणवठ्यावर एकटी पडते, लेकरांना कोणी खेळायला घेत नाही. दिंडी त्या दारावरून पुढं निघून जाते. यंदा तिथं थांबा. त्या माउलीच्या हातचं पाणी प्या, तिच्या कपाळी बुक्का लावा. तिला पंढरीला येता येत नसेल तर येताना प्रसाद तिच्या घरी पोचवा. आणि तो शिक्षा भोगून परत आला, तर त्याच्या हातात टाळ द्या. जुनं काही विचारू नका. आपण एकमेकांच्या पाया पडतो ते जात, पैसा, मागचा इतिहास विचारून पडतो का?

ज्यांना येणं शक्य नाही त्यांनीही मन लहान करू नये. उद्या सकाळी जे काम पुढ्यात येईल, गोठा झाडणं असो की आजाऱ्याचं अंथरूण बदलणं, ते नाम घेत करावं. तुमची वारी तिथं रुजू होईल.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!