अपघातानंतरचा सांभाळ : दया नव्हे, हक्क
(गणेशोत्सवातील भाषण)



श्रीगजाननास वंदन करून आज जरा रुक्ष पण गरजेचा विषय मांडतो.

अपघात झाला की आपण धावून जातो. तमिळनाडू सरकारच्या डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्नुयिर काप्पोम’ योजनेत पहिल्या ४८ तासांच्या उपचारांचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलते. जीव वाचतो, पण कणा मोडलेला माणूस घरी आल्यावर त्याला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवणे, आंघोळ घालणे, पाठीला जखमा होऊ न देणे, हे काम जन्माचे असते. बहुधा आई, पत्नी किंवा बहीण ते करते, आणि तिच्या कष्टांचा हिशेब कोणीच मांडत नाही.

सरफोजी राजांच्या काळी येथील छत्रांत अन्नाबरोबर आजारी वाटसरूंसाठी वैद्यही असे. तो राजधर्म होता. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, प्रमाणपत्र. सरकारी वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाची टक्केवारी ठरवून घ्यावी व दिव्यांग ओळखपत्र काढावे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

दुसरी, निर्वाह भत्ता. अर्जावर त्याला ‘परामरिप्पु उदवित्तोगै’ म्हणतात. गंभीर अपंगत्व किंवा मज्जारज्जूची इजा असलेल्यांसाठी तो दरमहा २,००० रुपये आहे. सतत मदतीची गरज असेल तर सांभाळणाऱ्यासाठी १,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

तिसरी, भरपाई. वाहन अपघाताच्या दाव्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. ती चुकवू नये. दाव्यात औषधांच्या बिलांबरोबर मदतनिसाचा खर्चही मागावा. ट्रॅक्टरला ट्रकची धडक बसून मेंदूला इजा झालेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी दोन मदतनिसांचे मिळून दरमहा १०,००० रुपये धरले आणि १८ च्या गुणकाच्या हिशेबाने २१,६०,००० रुपये केवळ या एका बाबीसाठी दिले.

हजार रुपयांत महिनाभर माणूस ठेवता येत नाही, हे आपण सारे जाणतो. रक्कम वाढावी ही मागणी केलीच पाहिजे; पण आहे ते पदरात पडत नाही, याचे एक कारण अर्जाची भाषा. आपल्यांतील जुन्या घराण्यांना तमिळ घरच्यासारखी येते, नव्याने आलेल्यांना अर्ज वाचताही येत नाही. वर्गणीइतकेच मोलाचे काम म्हणजे अशा घरी जाऊन अर्ज भरून देणे, कचेरीत सोबत जाणे आणि रुग्णापाशी दोन तास बसून त्या माउलीला उसंत देणे.

विघ्नहर्त्याच्या उत्सवातून एवढे घडले, तरी पुष्कळ झाले.

गणपती बाप्पा मोरया!