प्राणवायूची पेटी

(मंडळीच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरचा कातकरी तरुण झाडावरून पडला. डोक्यात रक्ताची गाठ झाली. सरकारी रुग्णालयात कवटी उघडून ती काढली. जीव वाचला, पण उजवा हात उचलेना, बोलताना शब्द सापडेनात. मी मोबाईलवर वाचलेले त्याच्या आईला सांगून टाकले: शहरात एक पेटी असते, तिच्यात झोपवून प्राणवायू देतात, मेंदू सुधारतो. चूक माझीच. आठवड्याने कळले, चाळीस वेळच्या उपचारासाठी घरच्यांनी वीटभट्टीच्या मालकाकडे उचल मागितली होती. उचल घेतली की सगळे घर भट्टीवर जाते आणि पोरांची शाळा सुटते, हे तुम्हांला ठाऊक आहे.

मी धावत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

ते म्हणाले, उपचार खोटा नाही. बंद कक्षात हवेचा दाब दोन-अडीचपट करतात आणि रुग्ण तास-दीड तास शुद्ध प्राणवायू घेतो. तांबड्या पेशी एरवीही जवळजवळ भरलेल्याच असतात. जादा प्राणवायू रक्तद्रवात विरघळतो. १९६० साली ॲमस्टरडॅमचे सर्जन बुरेमा यांनी तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे अशा दाबाखाली जिवंत ठेवून दाखवली. पाणबुड्यांचा वायुविकार, कोळशाच्या धुराची विषबाधा, मधुमेहाची न भरणारी जखम, मेंदूतला पू, यांवर तो वापरतात. पण मार लागून मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्याचा हात त्याने परत चालेल, याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ सालीच अशा दाव्यांबद्दल लोकांना सावध केले होते. शिवाय कवटी उघडल्यावर आत हवा राहू शकते. दाब चढता-उतरता ती आकसते, फुगते. क्वचित झटके येतात, आणि अशा रुग्णाला त्यांची भीती आधीच असते.

मग करायचे काय? झटक्यांच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि हाताचा व्यायाम रोज.

पाड्यावर परत जाऊन हे सांगणे मला फार जड गेले. धर्मशिक्षणाच्या पदविकेत हे शिकवत नाहीत. आई म्हणाली, “भाऊ, मग आशा कशाला लावलीस?” माझ्याकडे उत्तर नव्हते. उचलीचे पैसे अजून हातात पडले नव्हते, एवढीच प्रभूची कृपा.

आता तो डाव्या हाताने उजवा हात धरून भिंतीवर खडूने रेघा मारतो. व्यायामासाठी आठवड्यातून एकदा तालुक्याला नेतो. एसटीचे भाडे आणि गोळ्या, एवढाच खर्च. जूनपर्यंतचे पैसे जमले आहेत, पुढचे नाहीत.