यंत्र पुढे की शाळा पुढे?

(वार्षिक समारंभातील भाषण)



यंत्र आले की गरिबाच्या पोटावर पाय येतो, असे आपण नेहमी ऐकतो. हे कितपत खरे, ते अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहू.

१९१० च्या सुमारास तेथे वीज आणि यंत्रे कारखान्यांत व कचेऱ्यांत झपाट्याने शिरत होती. हायस्कूल पुरे करणारी मुले मात्र शंभरात दहासुद्धा नव्हती. त्यामुळे हिशेब ठेवणाऱ्याला, टंकलेखन जाणणाऱ्याला मजुरापेक्षा कितीतरी अधिक पगार मिळे. मग आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यांतील लहान लहान गावांनी स्वतःवर कर बसवून मोफत हायस्कुले चालविली. १९४० पर्यंत शंभरातील सुमारे पन्नास मुले हायस्कूल पुरे करू लागली. त्यांत मुली मुलांपेक्षा पुढे होत्या. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुले या लाभापासून बरीचशी वंचित राहिली, हेही सांगितले पाहिजे. तरी एकंदरीत पगारांतील अंतर कमी झाले. यंत्रे तर वाढतच होती!

१९८० नंतर उलट घडले. संगणक आला, पण शिक्षणाच्या प्रसाराचा वेग मंदावला होता. पदवीधरांचे पगार चढले. हायस्कूलवरच थांबलेले कामगार मागे पडले. २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन आणि त्यांचे सहकारी लॉरेन्स कॅट्झ यांनी २००८ च्या ग्रंथात याला शिक्षण आणि तंत्रज्ञान यांची शर्यत म्हटले आहे.

अर्थात शाळा म्हणजे सर्व काही नव्हे. जर्मनीतही तीच यंत्रे, तेच संगणक आहेत. तरी तेथील विषमता अमेरिकेहून कमी आहे. शाळेबरोबर कारखान्यात कसब शिकविण्याची पद्धत, कामगार संघटना आणि करव्यवस्था यांचा त्यात वाटा आहे. म्हणजेच विषमता यंत्र ठरवीत नाही, समाज ठरवितो.

पालकहो, "मुलगी दहावी झाली, आता पुरे", "मुलगा हाताशी आला, कामाला लावा" असे आपण म्हणतो. घरची ओढाताण मी जाणतो. परंतु आज मिळणारी मजुरी उद्या नवे यंत्र हिरावून नेईल. शिकलेल्या मुलाला ते यंत्र चालविता तरी येईल. आयोवाच्या गावकऱ्यांनी कर भरला तो शेजाऱ्याच्या मुलांसाठीही. आपली संस्था अशाच वर्गणीवर उभी आहे. निदान एक मूल फीअभावी घरी बसणार नाही, एवढा निश्चय आज करू या.