ताप, मेंदू आणि देहातील दूत
(मंडळाच्या सदर, नागपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ताप आला की मनुष्य मलूल होतो. अन्न नकोसे वाटते, अंथरूण सोडवत नाही. हे सारे रोगजंतूच करतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ही आज्ञा मेंदूची असते. देहात जंतू शिरताच रक्षक पेशी इंटरल्युकिनसारखे सूक्ष्म रेणू सोडतात. त्यांस सायटोकाइन म्हणतात. हे देहातील दूतच होत. किल्ली जशी आपल्याच कुलपास लागते, तसा प्रत्येक दूत आपल्या ठरलेल्या ग्राहीशीच जुळतो. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असे ग्राही असतात. तेथे वर्दी पोहोचली की प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस देहाची उष्णता वाढवितो. पॅरासिटामॉल या द्रव्याची निर्मिती रोखते, म्हणून ताप उतरतो. मूळ रोग मात्र तसाच राहू शकतो.

पण रोग मेंदूतच शिरला तर? याचे उदाहरण आपल्या नागपूरचेच आहे. १९६५ साली येथील चांदीपुरा भागातील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू आढळला. त्यास चांदीपुरा हेच नाव मिळाले. २००३ साली आंध्र प्रदेशात या विषाणूशी निगडित मेंदूज्वराने ३२९ बालके आजारी पडली. त्यांतील १८३ दगावली. २००७ साली नागपूर विभागातही बालकांत ही साथ आली. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, या संसर्गात मेंदूत दूतांची बेसुमार गर्दी होते. चोरास पळविण्यासाठी पेटविलेल्या मशालीने घरच जळावे, तशी मग चेतापेशींची हानी होते.

या रोगावर अद्याप खास औषध नाही, लस नाही, आणि काही बालके एकदोन दिवसांतच दगावतात. म्हणून माता-पित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तापाबरोबर झटके, उलट्या अथवा गुंगी दिसली, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. ताप उतरल्याने निश्चिंतही होऊ नये. बालकास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. हा विषाणू वाळूमाशीच्या दंशाने पसरतो व ती भिंतींच्या भेगांत राहते. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे मातीची घरे आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवाव्यात आणि मुलांस मच्छरदाणीत निजवावे. मंडळाच्या तरुणांनी ही माहिती गावोगावच्या आप्तांस सांगितली, तर ती मोठीच ज्ञातिसेवा होईल.