समुद्रशैवाल आणि पेशींचे बिऱ्हाड



आपल्यापैकी जे मालवण-रत्नागिरीकडचे असतील, त्यांनी ओहोटीला खडकांवर पसरलेले तपकिरी सर्गॅसम पाहिले असेल. असल्या तपकिरी शेवाळात आल्जिनेट नावाचे एक द्रव्य असते. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञाने १८८१ च्या सुमारास ते प्रथम वेगळे केले. आइस्क्रीम दाट करण्यापासून जखमेच्या पट्टीपर्यंत ते आज सर्वत्र वापरले जाते.

या द्रव्याची करामत पाहण्यास प्रयोगशाळाही नको. सोडियम आल्जिनेट पाण्यात विरघळवले की खळीसारखा द्रव होतो. त्याचा थेंब कॅल्शियमच्या क्षाराच्या पाण्यात सोडा; पाहता पाहता त्याचा भिजल्या साबुदाण्यासारखा मणी बनतो. कॅल्शियम आल्जिनेटच्या शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना जखडून टाकते. आच नको, जहाल रसायन नको! त्यामुळे थेंबात जिवंत पेशी असल्या तरी त्या मण्यात जिवंतच राहतात.

१९८० साली लिम आणि सन या संशोधकांनी इन्शुलिन स्रवणारे पेशीपुंज अशा मण्यांत कोंडले, मण्यांवर पातळ आवरण चढवले आणि ते मधुमेही उंदरांच्या पोटात घातले. सुमारे तीन आठवडे त्या उंदरांची रक्तशर्करा ताब्यात राहिली. आवरणातून साखर आत जाई, इन्शुलिन बाहेर येई. शरीराच्या संरक्षक पेशींना मात्र प्रवेश नव्हता.

पण पेशी जगवणे वेगळे आणि वाढवणे वेगळे. स्नायूच्या पेशीला पसरण्यास आधार लागतो, अन् आल्जिनेट असे पाणीदार की त्याला ती चिकटतच नाही. घर मिळाले, पण पाय टेकायला जमीन नाही! यावर तोड निघाली ती शरीरातूनच. आपल्या ऊतींतील काही प्रथिनांत आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे तीन घटक ओळीने येतात. त्या खुणेला पेशी पकड घेते. १९९९ साली मूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खूण आल्जिनेटला जोडली, आणि उंदराच्या स्नायुपेशी तीवर चिकटून वाढू लागल्या.

शेवाळातून आता हृदय पिकणार, असे कोणी म्हणू लागले तर मला धास्ती वाटते. आल्जिनेट पचवणारे विकर आपल्या शरीरात नाही. म्हणून त्याच्या साखळ्या आधीच तोडून आखूड कराव्या लागतात, तरच त्या मूत्रावाटे बाहेर पडतात. त्याहून बिकट प्रश्न रक्ताचा आहे. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून फार दूर असलेल्या पेशीला प्राणवायू पुरत नाही. बोटभर जाडीचा तुकडा वाढवायचा तर त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे विणलेच पाहिजे, आणि ते काम शेवाळ करून देत नाही.